चिट्टीचा दुसरा जन्म आणि चिमणीचं मरण

आजचा विषय विज्ञानाचा आहे, पण तो मी सिनेमाच्या पडद्यावरून सांगणार आहे. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी तमिळ, हिंदी आणि तेलुगू भाषांत एक चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचं नाव ‘टू पॉइंट झिरो’. पडद्यावर ते नुसतं २.० असं आकड्यात लिहिलं होतं. चेन्नई शहरातल्या माणसांच्या हातांतले मोबाइल एकाएकी उडून आभाळात जातात, लाखो मोबाइल एकत्र येऊन त्यांचा एक प्रचंड पक्षी होतो आणि तो शहरावर झडप घालतो, अशी ती गोष्ट. भारतात तोवर झालेल्या सर्वांत खर्चिक चित्रपटांत त्याची गणना झाली. तो घडला कसा, आणि एवढा खटाटोप करून त्यानं आपल्याला सांगितलं काय, हे आज पाहू या.

आपल्याकडे विज्ञानपटांची परंपरा बारीकच, आणि तिचं एक मोठं कारण पैसा हे आहे. तमिळमध्ये १९६३ साली ‘कलै अरसी’ नावाचा चित्रपट आला. एम. जी. रामचंद्रन नायक होते आणि परग्रहावरचे लोक नायिकेला पळवून नेतात असं कथानक होतं. सत्यजित राय यांनी १९६७च्या सुमारास ‘द एलियन’ची पटकथा लिहिली. बंगालच्या एका खेड्यातल्या तळ्यात परग्रहावरचं यान उतरतं अशी कल्पना होती. हॉलिवुडच्या कोलंबिया कंपनीशी बोलणी झाली, पीटर सेलर्सचं नाव पुढे आलं, पण चित्रपट कागदावरच राहिला. पुढे १९८७ साली ‘मिस्टर इंडिया’नं नायकाला अदृश्य केलं, २००३ साली ‘कोई मिल गया’नं ‘जादू’ला आणलं आणि २००६च्या ‘क्रिश’नं दाखवून दिलं की विज्ञानपटाचा पुढचा भागही आपल्याकडे चालतो. एकदा गल्ला जमला की मग पुढच्या भागासाठी पैसा उभा राहतो.

‘टू पॉइंट झिरो’ हा असाच पुढचा भाग. त्याचा पहिला भाग म्हणजे ‘एन्दिरन’, हिंदीतला ‘रोबोट’. त्या पहिल्या भागाची कथा जाणून घेतल्याशिवाय दुसऱ्याचं मर्म कळायचं नाही.

दिग्दर्शक शंकर यांच्या डोक्यात यंत्रमानवाचा चित्रपट फार जुना. २००० सालाच्या सुमारास त्यांनी कमल हासन आणि प्रीती झिंटा यांना घेऊन तो करायचं ठरवलं. छायाचित्रंही काढून झाली, पण गाडी पुढे सरकली नाही. २००७ साली शाहरुख खान यांच्याशी बोलणी झाली, तीही फिसकटली. अखेर रजनीकांत आले. हे रजनीकांत म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड. बंगळूरच्या मराठी कुटुंबातला हा मुलगा, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच. २००८च्या फेब्रुवारीत चित्रीकरण सुरू झालं, मध्येच निर्माता बदलला, सन पिक्चर्सनं जबाबदारी घेतली आणि १ ऑक्टोबर २०१० रोजी चित्रपट आला. दृश्यपरिणामांसाठी व्ही. श्रीनिवास मोहन यांना आणि कलादिग्दर्शनासाठी साबू सिरिल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

पण या चित्रपटामागे एक माणूस होता, त्याच्याबद्दल महाराष्ट्रात फारसं बोललं जात नाही. तमिळ वाचक त्यांना ‘सुजाता’ म्हणून ओळखतात. पत्नीचं नाव त्यांनी टोपणनाव म्हणून घेतलं होतं. खरं नाव एस. रंगराजन. शिक्षणानं इंजिनियर, नोकरी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये. आपण ज्या यंत्राची बटणं दाबून मत देतो, त्या यंत्राच्या जडणघडणीत त्यांचा वाटा होता. दिवसा यंत्रं आणि रात्री कथा असा त्यांचा संसार. ‘एन इनिय इयंदिरा’ ही त्यांची कादंबरी तमिळ घरांतून वाचली गेली. तिच्यात ‘जीनो’ नावाचा यांत्रिक कुत्रा आहे, आणि गंमत म्हणजे त्या कादंबरीचाही पुढचा भाग त्यांनी लिहिला. शंकर यांच्या यंत्रमानवाची कल्पना रुजली ती या वाफ्यात. संवादलेखनातही सुजातांचा हात होता. मात्र चित्रीकरण जेमतेम सुरू होत होतं आणि २७ फेब्रुवारी २००८ रोजी सुजाता गेले.

आपल्याकडे याच जातीचं नाव घ्यायचं तर डॉ. जयंत नारळीकरांचं. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी विज्ञानकथा लिहिली तेव्हा नावाचा दबदबा नको म्हणून ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव घेतलं. ‘वामन परत न आला’मध्ये त्यांनीही विचार करणारं यंत्र माणसासमोर उभं केलं. अशा लेखकांची कल्पना कितीही उंच उडाली तरी तिचा दोर जमिनीवर कुठेतरी बांधलेला असतो. ‘एन्दिरन’मध्ये तो दोर जाणवतो. चिट्टी नावाच्या यंत्रमानवाला आज्ञा कळते, पण तिच्यामागचा हेतू कळत नाही. आगीतून तो एका मुलीला वाचवतो, पण ती स्नान करत होती, तशीच तिला लोकांसमोर आणून उभी करतो. आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर जी चर्चा चालते, तिचा गाभा या एका प्रसंगात आहे. शेवटी न्यायालयाच्या हुकमानं चिट्टी स्वतःचे सुटे भाग स्वतःच काढून ठेवतो आणि संग्रहालयात जाऊन बसतो.

तो संग्रहालयातला चिट्टी पुन्हा जोडायचा, ही दुसऱ्या भागाची सुरुवात. डिसेंबर २०१५मध्ये चेन्नईत चित्रीकरण सुरू झालं. रजनीकांत त्याच महिन्यात ६५ वर्षांचे झाले. खलनायकासाठी आधी अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचा विचार झाला होता, ते जमलं नाही आणि अक्षय कुमार आले. त्यांच्या चेहऱ्यावर पिसं, चोच, पंजे चढवायला रोज तीन-तीन तास लागत, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे.

दृश्यपरिणामांचं काम पुन्हा श्रीनिवास मोहन यांच्याकडेच होतं. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कॅमेरा सुरू होण्याआधी संगणकावर साध्या बाहुल्यांसारख्या आकृत्या करून दृश्यं आखून घ्यायची. कॅमेरा कुठे, नट कुठे, पक्षी कुठून येणार, सगळं आधी ठरलेलं. घर बांधण्याआधी वास्तुविशारद नकाशा काढतो, तसंच हे. कारण सेटवर पक्षी नसतोच. नटानं रिकाम्या जागेकडे बघून घाबरायचं असतं.

त्यात शंकर यांनी आणखी एक अवघड निर्णय घेतला. चित्रपट थ्रीडीतच चित्रित करायचा. नेहमी साध्या कॅमेऱ्यानं चित्रीकरण करतात आणि नंतर संगणकावर खोली भरतात. ते स्वस्त पडतं. इथे छायालेखक निरव शाह यांनी जोडकॅमेरे वापरले. आपल्या दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि मेंदू ती जुळवून खोली ओळखतो. जोडकॅमेरा तेच करतो. पण म्हणजे प्रत्येक दृश्याची दोन चित्रं आली. पक्षी रंगवायचा तर तो डाव्या डोळ्यासाठी एकदा आणि उजव्या डोळ्यासाठी एकदा, आणि दोन्हींत केसाचाही फरक पडता कामा नये. संगणकाच्या परिणामांची दृश्यं दोन हजारांहून अधिक होती, असं निर्मात्यांनी सांगितलं. त्याला दोननं गुणा, म्हणजे कामाचा डोंगर लक्षात येईल. भारतात थ्रीडीचा पहिला मोठा प्रयोग १९८४ साली मल्याळम ‘माय डियर कुट्टिचातन’नं केला होता. तिथपासूनची ही चढण.

साहजिकच वेळापत्रक कोलमडलं. २०१७ची दिवाळी ठरली होती, ती हुकली. मग जानेवारी २०१८ ठरला, मग एप्रिल, आणि अखेर नोव्हेंबर उजाडला. खर्चाचे आकडे चारशे कोटींपासून साडेपाचशे कोटींपर्यंत छापून आले. तुलनेसाठी सांगतो, आपलं मंगळयान सुमारे ४५० कोटी रुपयांत मंगळापर्यंत पोचलं.

आता हा पैसा कुणाचा, ते ऐका. निर्माते होते लायका प्रॉडक्शन्सचे सुबास्करन अल्लिराजा. श्रीलंकेतल्या तमिळ कुटुंबातून इंग्लंडला जाऊन उद्योगपती झालेले. त्यांचा मूळ धंदा काय? परदेशांत राहणाऱ्या लोकांना स्वस्तात घरी फोन करता यावा म्हणून मोबाइलची सिमकार्डं विकणं! आणि चित्रपटाचे संवाद लिहिणारे जयमोहन हे तमिळमधले मोठे कादंबरीकार, त्यांनी नोकरीची वर्षं काढली ती टेलिफोन खात्यात. थोडक्यात, सिमकार्डाच्या पैशातून आणि टेलिफोन खात्यातल्या माणसाच्या लेखणीतून मोबाइलला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा चित्रपट तयार झाला. मला यात दोष काढायचा नाही. उलट याचं मला कौतुकच वाटतं. आपल्याच धंद्यावर बोट ठेवणारी गोष्ट सांगायला पैसा देणारे थोडे.

प्रश्न आहे तो आरोपाचा. चित्रपटातला खलनायक पक्षिराजन हा म्हातारा पक्षिशास्त्रज्ञ आहे. मोबाइलच्या मनोऱ्यांतून निघणाऱ्या लहरींनी त्याचे पक्षी मरतात. तो मंत्र्यांकडे जातो, कंपन्यांकडे जातो, कोर्टात जातो, कुणी ऐकत नाही. शेवटी मनोऱ्यावरच गळफास घेतो आणि मेलेल्या पक्ष्यांसह सूड घ्यायला परततो. अक्षय कुमार यांनी हा म्हातारा असा काही उभा केला आहे की चित्रपटगृहात टाळ्या चिट्टीला पडतात आणि डोळ्यांत पाणी पक्षिराजनसाठी येतं.

प्रदर्शनाच्या तोंडावर मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनं सेन्सॉर मंडळाकडे तक्रार केली, की हा चित्रपट अवैज्ञानिक समज पसरवतो, त्याचं प्रमाणपत्र काढून घ्या. चित्रपट अडला नाही, आणि अडायलाही नको होता. गोष्ट सांगायचं स्वातंत्र्य गोष्ट सांगणाऱ्याला हवंच. शिवाय तक्रार करणाऱ्यांचा स्वार्थ उघड होता. पण तक्रारदार स्वार्थी आहे एवढ्यावरून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. ते तपासावं लागतं.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर गावोगावच्या शाळांत व्याख्यानं देतो. व्याख्यान ग्रहणावर असो की पाण्यावर, शेवटी प्रश्न विचारा म्हटलं की एक हात हमखास वर होतो. “सर, मोबाइलच्या टॉवरनं चिमण्या मेल्या ना?” प्रश्नाच्या शेवटी जो ‘ना’ आहे, तो मला बोचतो. उत्तर त्या मुलाला आधीच मिळालेलं असतं. मी फक्त मान डोलवायची असते.

तर चिमणीबद्दल काय माहीत आहे? शंका मुळातच वेडगळ होती असं नाही. २०१० साली केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानं मनोऱ्यांचा पक्ष्यांवर आणि मधमाश्यांवर काय परिणाम होतो हे पाहायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संचालक डॉ. असद रहमानी. समितीनं सावधगिरी बाळगायला आणि अधिक अभ्यास करायला सांगितलं. सप्टेंबर २०१२पासून भारतानं मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली. २०१४ साली जर्मनीतल्या ओल्डेनबर्गच्या संशोधकांनी दाखवलं की शहरातल्या विद्युतचुंबकीय गोंगाटात युरोपियन रॉबिन पक्ष्याचं दिशाज्ञान बिघडतं. हा फार सुंदर प्रयोग आहे. मात्र तो गोंगाट जुन्या रेडिओच्या मध्यम लहरींच्या पट्ट्यातला होता, मोबाइलच्या लहरी त्याहून कितीतरी वरच्या कंप्रतेच्या असतात. आणि पक्षी वाट चुकले होते, मेले नव्हते.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये चिमण्यांची घट १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून नोंदली गेली. तेव्हा तिथे मोबाइल नव्हते. आपल्याकडे २०२० साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. हजारो पक्षिनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी त्यासाठी तपासल्या होत्या. त्यात दिसलं की मोठ्या शहरांत चिमणी कमी झाली, पण देशभराचा विचार केला तर पंचवीस वर्षांत तिची संख्या साधारण स्थिर आहे. मनोऱ्यांच्या लहरींमुळे ती घटली, या समजाला त्या अहवालाला आधार सापडला नाही. मग शहरात ती का नाही? पिल्लांना पहिले काही दिवस किडे-अळ्याच लागतात, दाणे चालत नाहीत. डांबर-सिमेंटच्या शहरात किडे कुठून येणार? वळचण गेली, कौलं गेली, भिंतीवर तिरप्या टांगलेल्या तसबिरींच्या मागची जागा गेली. घरटं बांधायचं कुठे? हे उत्तर उडणाऱ्या मोबाइलांइतकं देखणं नाही. त्यात खलनायक नाही, आहेत ती आपली नवी घरं.

पक्षिराजनचं रूप डॉ. सलीम अली यांच्यावरून घेतलं, असं बोललं गेलं. सलीम अली मुंबईचे. खेतवाडीत मामाकडे वाढलेले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ती कोणती हे कळेना म्हणून सोसायटीच्या दारात गेले आणि तिथून त्यांचं आयुष्य बदललं. पुढे नोकरी नसताना ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि सुगरण पक्ष्याच्या घरट्यांसमोर महिनोन् महिने बसून राहिले. नर घरटं अर्धवट विणतो, मादी पसंत करते तेव्हा पुरं करतो, मग दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसरी मादी आणतो, हे त्यांनी नोंदलं. आधी पाहायचं, मोजायचं, मग बोलायचं. पक्षिराजनला त्यांचं रूप मिळालं, ही रीत मिळाली नाही.

त्यांच्याच संस्थेतला एक दाखला देतो. १९९०च्या दशकात भरतपूरच्या अभयारण्यात डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं, की गिधाडं माना टाकून बसतात आणि मरतात. काही वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. तेव्हाही तर्क पुष्कळ झाले. कुणी कीटकनाशकांवर संशय घेतला, कुणी साथीच्या रोगावर. पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांच्या एका गटानं मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं तपासली आणि २००४ साली खरं कारण जाहीर केलं. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध. औषध टोचलेलं जनावर मेलं, गिधाडानं खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ साली भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. २०१५ साली माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांवर बंदी आली, कारण त्या गोठ्यात पोचत होत्या. २०२३ साली आणखी दोन वेदनाशामकं जनावरांसाठी बंद झाली. गिधाडं पूर्वीसारखी अजून दिसत नाहीत, पण निदान कुणाला थांबवायचं ते कळलं.

माझा मुद्दा एवढाच आहे. त्या वेळी एखाद्या भव्य चित्रपटानं सगळ्यांना पटवलं असतं की गिधाडं लहरींनी मरतात, तर लोकांनी मनोऱ्यांवर मोर्चे नेले असते आणि औषधाच्या बाटल्या गोठ्यांत तशाच जात राहिल्या असत्या. चुकीचा आरोपी पकडला की खरा मोकळा सुटतो. हा धोका मला प्रत्येक ‘मेल्या ना?’मध्ये दिसतो.

शंकर यांना पक्ष्यांचा कळवळा नव्हता असं मी म्हणणार नाही. त्यांनी कोट्यवधी लोकांना अडीच तास पक्ष्यांसाठी हळहळायला लावलं, हे काम कुठल्याही अहवालाला जमलेलं नाही. तंत्रज्ञांनी तर कमाल केली. पण यंत्रमानवाच्या पहिल्या गोष्टीमागे सुजातांसारखा इंजिनियर उभा होता. दुसऱ्या गोष्टीत पक्ष्याच्या पंखातलं एकेक पीस हजारो मोबाइलांनी रेखलेलं आहे, मात्र पक्षी का मेला, या प्रश्नाशी कुणी तितका वेळ बसलेलं दिसत नाही. एवढ्या मोठ्या अंदाजपत्रकात त्यासाठी लागणारा खर्च म्हणजे दोन-चार पक्षिशास्त्रज्ञांचा प्रवास आणि चहापाणी.

आता मी शाळांत त्या मुलांना उत्तर देत नाही, एक काम देतो. आठवडाभर रोज सकाळी पंधरा मिनिटं आपल्या आवारात बसायचं आणि चिमण्या मोजायच्या. टॉवर कुठे आहे ते लिहायचं, आणि झाड, माती, धान्य, पाणी, भिंतीतली भोकं कुठे आहेत तेही लिहायचं. मागे एका शाळेतल्या मुलींनी वही पाठवली. त्यांच्या गावात चिमण्यांची सर्वांत मोठी वस्ती निघाली ती बाजार समितीच्या जुन्या गोदामाच्या छपरात. तिथे सांडलेलं धान्य होतं, वासे होते, मागे उकिरडा होता आणि कुंपणाला लागून मोबाइलचा मनोरा होता. एका गावावरून काही सिद्ध होत नाही, हे मुलींनी वहीच्या शेवटी स्वतःच लिहिलं होतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजणार असल्याचंही.